पॅकेज नागपूरचं, अंग साकोलीचं

दिवाळी तोंडावर आली की साकोली तालुक्यात बांध्यांमधला हलका धान कापणीला येतो, भारी धान अजून हिरवटच असतो, आणि मोबाइलवर नागपूरच्या लॅबांच्या जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ‘फुल बॉडी चेकअप’, सत्तर-ऐंशी चाचण्या, सणानिमित्त निम्म्या दरात, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जाईल. नागपूर-रायपूर महामार्गावर वसलेल्या या गावापासून नागपूर शंभरेक किलोमीटर. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं सणाला घरी येतात, आईबाबांच्या वाळलेल्या चेहऱ्याकडे बघतात आणि पॅकेज बुक करून टाकतात. दोन दिवसांनी पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट येतो. त्यात थायरॉइड असतं, ड जीवनसत्त्व असतं, कोलेस्टेरॉलचे पाच प्रकार असतात. रिपोर्ट कपाटात जातो.

त्या पंधरा-वीस पानांत बहुधा तीन गोष्टी नसतात. सिकलसेलची चाचणी नसते. तोंड उघडून कुणी पाहिलेलं नसतं. अंगावरच्या चट्ट्याला स्पर्श कळतो की नाही, हे तपासलेलं नसतं. भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या, बांधीत राबणाऱ्या, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या माणसासाठी मात्र याच गोष्टी आधी तपासायला हव्यात. यातल्या बहुतेक गोष्टी गावच्या उपकेंद्रात किंवा साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात फुकट होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तरी लोक जात नाहीत. ‘मले काय झालं? मी तं दिवसभर बांधीत राबतो,’ हे उत्तर तालुक्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल.

धडधाकट माणसानं तपासणीला जावं का, गेला तर तिथं काय होतं, आणि साकोलीच्या माणसानं नेमकं काय तपासून घ्यावं, याचा हा धांडोळा.

ऐंशी चाचण्यांचं गणित

धडधाकट माणसाला वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत तपासलं की तो जास्त जगतो, ही समजूत जगभर आहे. ती खरी आहे का, हे पाहण्यासाठी अनेक देशांत प्रयोग झाले. डेन्मार्कच्या संशोधकांनी असे १७ प्रयोग एकत्र करून तपासले. त्यांत अडीच लाखांहून अधिक माणसं होती. २०१९ साली ‘कॉक्रेन’च्या आढाव्यात त्यांनी निष्कर्ष मांडला : सरसकट तपासणी केलेले आणि न केलेले यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक पडत नाही. कॅन्सरनं होणाऱ्या मृत्यूंतही नाही, हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंतही नाही.

असं का होतं? एक कारण साध्या गणिताचं आहे. रिपोर्टावर छापलेली ‘नॉर्मल’ पट्टी सहसा निरोगी शंभर माणसांपैकी पंच्याण्णव तिच्या आत बसतील अशी आखलेली असते. उरलेली पाच निरोगी असूनही पट्टीबाहेर पडतात. एका चाचणीत हे चालून जातं. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा एखादा तरी आकडा ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. ऐंशी केल्या तर जवळजवळ खात्रीच. मग त्या आकड्यामागे सोनोग्राफी, सोनोग्राफीमागे सीटी स्कॅन, आणि एसटीच्या फेऱ्या. काही पॅकेजांत तर कॅन्सरचे ‘मार्कर’ही टाकलेले असतात. हे मार्कर मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णाचा इलाज कसा चाललाय, हे पाहायला उपयोगी पडतात. लक्षण नसलेल्या माणसाला ते बहुधा फक्त घाबरवतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. सगळ्यांना सगळं तपासण्यानं फायदा दिसला नाही, पण नेमक्या माणसाला नेमकं तपासण्यानं दिसला आहे. त्याचे मोठे पुरावे भारतातलेच आहेत आणि त्यांतले काही चक्क महाराष्ट्रातले. त्याकडे पुढे येऊच. मुद्दा एवढाच की तपासणीची यादी माणसाचं वय, काम, सवयी आणि गाव पाहून बनवावी लागते. नागपुरात छापलेली यादी साकोलीच्या माणसाला बसेलच असं नाही.

आधी प्रश्न, मग सुई

सरकारी तपासणीची सुरुवात रक्तानं होत नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताईंकडे एक फॉर्म असतो. वय किती, तंबाखू-खर्रा-बिडी रोजची की कधीमधी, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, आईवडील किंवा भावंडांना बीपी, शुगर किंवा हृदयविकार होता का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासणीला बोलवायचं. याच फॉर्मच्या पुढच्या भागात दोन आठवड्यांहून जास्त खोकला, घटलेलं वजन, न भरणारी तोंडातली जखम, अंगावरचा बधिर चट्टा, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर रक्तस्राव हे प्रश्न येतात. सुई न टोचता निम्मी तपासणी इथंच होते, खरं उत्तर दिलं तर. ‘खर्रा?’ ‘कधीमधी,’ असं सांगणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात पुडी असते, हे विचारणाऱ्या आशाताईलाही माहीत असतं. गुण मात्र सांगितलेल्या उत्तराचेच पडतात.

त्यानंतर आयुष्मान आरोग्य मंदिर, म्हणजे पूर्वीचं उपकेंद्र. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. वजन, उंची, कंबर, नाडी, रक्तदाब. कंबरेची टेप बघून लोक हसतात, पण पुरुषाचा घेर नव्वद सेंटिमीटरच्या पुढे आणि बाईचा ऐंशीच्या पुढे गेला की मधुमेहाचा धोका वाढतो. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, हा देह आपल्याकडे फार दिसतो आणि वजनकाट्यावर तो पकडला जात नाही.

रक्तदाब मोजणं सोपं वाटतं, पण चुकतं ते इथंच. इटलीच्या रिव्हा-रॉच्चीनं १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधला, रशियाच्या कोरोत्कोव्हनं १९०५ मध्ये त्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकले. आज यंत्र आपोआप आकडा देतं, पण नियम तेच आहेत. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. लघवी तुंबलेली नको. बोलायचं नाही. आणि अर्धा तास आधी चहा नको, खर्रा नको, कारण निकोटिननं दाब तात्पुरता वर चढतो. सायकल मारत आलेल्या, तोंडात खर्रा असलेल्या माणसाला उभ्याउभ्या पट्टा बांधला तर येणारा आकडा त्याचा नसतो. दोनदा मोजावं, आणि १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच शिक्का मारावा.

साखरेसाठी उपाशी पोटी यावं, म्हणजे रात्री जेवल्यावर किमान आठ तास काही खायचं नाही. पाणी चालतं, नेहमीची बीपीची गोळीही सहसा चालते. उपाशी पोटी १२६ किंवा जास्त, आणि दुसऱ्यांदाही तसंच, म्हणजे मधुमेह. १०० ते १२५ म्हणजे अजून वेळ आहे. लघवीत प्रथिनं उतरतात का हेही पाहून घ्यावं, मूत्रपिंडाची कुरकुर तिथं लवकर कळते. जे नमुने केंद्रात तपासता येत नाहीत, ते पुढे लॅबला जातात आणि रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो आणायला परत जायचं असतं. तिथं पुष्कळ तपासण्या मरतात.

लाल पेशी आणि लग्नाची बोलणी

आता साकोलीचा खास भाग. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. तेव्हापासून पूर्व विदर्भाचं नाव या आजाराशी जोडलं गेलं आहे. बौद्ध, गोंड, हलबा, तेली, कुणबी अशा अनेक समाजांत तो सापडतो. तो इथंच का? झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, जंगल, तलाव आणि डास पिढ्यान्‌पिढ्या होते, हिवताप होता. ज्याच्याकडे सिकलसेलचं एकच जनुक आहे, तो वाहक हिवतापात तगण्याची शक्यता जास्त, म्हणून ते जनुक टिकलं. दोन्हीकडून जनुक आलं की मात्र आजार. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि १२० दिवस जगायच्या त्या दहा-वीस दिवसांतच फुटतात.

लक्षणं कुठली? सांधे दुखतात, हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात, धाप लागते. पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, फार मेहनत झाली की दुखणं उसळतं. आता आठवा धानाच्या रोवणीचे दिवस : गुडघाभर चिखल, अंगावर पाऊस, सकाळपासून वाकलेली पाठ. त्या दिवसांत हातपाय दुखले तर ‘वात आहे, रोवणीचं दुखणं आहे’ म्हणून गावठी तेल लावलं जातं. आजार कामाआड लपून राहतो.

पहिली तपासणी स्वस्त आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात. गढूळ झालं तर सिकलसेल असू शकतो. पण वाहक की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. पहिली झाली आणि दुसरी राहिली, असं होऊ देऊ नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं ठरवलं आहे. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं. रुग्णासाठी हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसी आणि भरपूर पाणी एवढ्यानंही दुखण्याच्या उसळ्या पुष्कळ कमी होतात.

वाहकाला सहसा काही होत नाही. प्रश्न लग्नात येतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, जनुकच नसलेलं २५ टक्के. शहरात बसून सल्ला देणारे म्हणतात, पत्रिकेऐवजी कार्ड जुळवा. इथल्या पुष्कळ घरांत पत्रिका बघतच नाहीत. गोंडांच्या सोयरिकीत कुळाचे देव किती, सहा की सात, हे विचारलं जातं. बौद्ध घरांत शिक्षण आणि नोकरी विचारली जाते. त्या बोलण्यांत एक प्रश्न वाढवायचा आहे आणि तो मुलीच्याच बापाला विचारायचा नाही. पिढीजात दोष सुनेच्या माथी मारायची आपल्याकडची सवय जुनी आहे. वाहक असणं हा दोष नव्हे आणि दोन वाहकांनी लग्नच करू नये, असंही नाही. आधी कळलं तर गर्भारपणात लवकर तपासणी करून निर्णय घेता येतो, एवढं खरं.

सिकलसेलमुळे पॅकेजातली एक लोकप्रिय चाचणीही इथं फसते. एचबीएवनसी, म्हणजे ‘तीन महिन्यांची साखर’, ही लाल पेशीला चिकटलेली साखर मोजते. पेशीच वीस दिवसांत फुटत असेल तर तीन महिन्यांचा हिशेब कुठून येणार? सिकलसेलच्या रुग्णात हा आकडा खोटा कमी येतो, वाहकातही काही पद्धतींनी गडबडतो, आणि लोह कमी असलेल्या ॲनिमियात उलट खोटा जास्त येऊ शकतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. म्हणजे साकोलीत केवळ एचबीएवनसीवर विसंबून राहणं दोन्ही बाजूंनी धोक्याचं. इथं उपाशी पोटीची साधी साखरच जास्त भरवशाची.

हिमोग्लोबिन कमी निघालं की लोहाच्या गोळ्या, हा ठरलेला इलाज. बहुतेकींना तो लागूही पडतो. पण गोळ्या नियमानं खाऊनही आकडा हलत नसेल, तर ‘खात नसशील’ म्हणून तिला दटावण्याआधी सिकलसेल पाहावं.

तोंड उघडा

झाडीपट्टीत पाहुण्याला आधी पाणी, मग चहा आणि मग खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला हा पदार्थ. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, खर्रा मात्र पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. खाणाऱ्यात पुरुष आहेत, बायका आहेत, शाळेतली पोरंही आहेत.

खाणाऱ्याच्या तोंडाची तपासणी पाच मिनिटांची. बॅटरी, हातमोजा आणि लाकडी पट्टी. आधी तोंड किती उघडतं ते पाहायचं : स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. दोनच जात असतील, तिखट सोसत नसेल, तर सुपारीनं गालाची आतली बाजू आवळायला लागली आहे. मग जीभ, जिभेखाली, गाल, हिरड्या, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गळ्याला गाठ. केरळात तिरुअनंतपुरमजवळ आरोग्यसेवकांनी हेच केलं. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत या नुसत्या पाहण्यानं मुखाच्या कॅन्सरचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले. रक्ताच्या ऐंशी चाचण्यांत कुणी तोंड उघडायला सांगत नाही.

पडद्याआडचं दुखणं

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला आकडा जगभर गाजला : ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. पांढरं पाणी, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास, सगळं ‘बाईच्या जातीला असतंच’ या एका वाक्यात मुरवलं गेलं होतं.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल मराठवाड्यातला पुरावा आहे. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर हा अभ्यास केला. २००९ साली त्याचा निष्कर्ष आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी पातळ ॲसिटिक ॲसिड लावून केलेल्या तपासणीनंही मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. ही दुसरी पद्धत सरकारी दवाखान्यात वापरतात. आम्ल लावून मिनिटभर थांबायचं, दोष असलेला भाग पांढरा दिसतो. दुखत नाही. तिशीनंतर पाच वर्षांतून एकदा पुरतं. पाळीच्या दिवसांत जाऊ नये. तपासणारी बाईच असावी, पडदा असावा, आणि काय करणार हे आधी सांगावं. एवढं मागणं हक्काचं आहे, ते मागायला लाजू नये. स्तनांची हातानं तपासणी त्याच वेळी होते. मुंबईतच वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत तिनं स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले.

कातडी, आणि रात्रीचं रक्त

पूर्व विदर्भात कुष्ठरोग संपलेला नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, तिथं घाम नाही, स्पर्श नाही. डोळे मिटून पेनाच्या टोकाचा स्पर्श कुठं झाला ते सांगायचं, एवढीच परीक्षा. पाठीवरचा चट्टा स्वतःला दिसत नाही, म्हणून घरोघरी फिरणाऱ्या पथकाला अंगणातून ‘काही नाही’ म्हणून परत पाठवू नये. औषध मोफत, सहा महिने किंवा वर्षभर. उशीर झाला तर वाकडी झालेली बोटं मात्र औषधानं सरळ होत नाहीत.

हत्तीपायाची गोष्ट वेगळी. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा खोलवरच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात येतात, डासाच्या वेळेला. म्हणून पथक रात्री येतं आणि झोपलेल्यांना उठवून बोट टोचतं. दिवसा घेतलेल्या रक्तात काही सापडलं नाही, म्हणून जंतू नाहीत असं होत नाही. पायाची सूज दिसते, पण पुरुषांची अंडवृद्धीही बहुधा याच जंतूची, आणि ती धोतराआड वर्षानुवर्षं लपवली जाते. सरकारी रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया होते.

परत जायचं ते कशासाठी

तपासणीचा सगळा उपयोग शेवटच्या टप्प्यावर अवलंबून आहे. शिबिरात बीपी १६० निघाला, डॉक्टर म्हणाले ‘दवाखान्यात या’, आणि माणूस कापणीला गेला, तर ते शिबिर झालं काय नि न झालं काय. म्हणून तपासणीहून निघताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : माझे आकडे काय, त्यांचा अर्थ काय, आणि पुढं केव्हा यायचं. सगळं ठीक असेल तर तिशीनंतर बीपी आणि साखर वर्षातून एकदा, खर्रा खाणाऱ्यानं तोंड दरवर्षी, सिकलसेलची तपासणी जन्मात एकदाच पण पक्की. बाहेरच्या गावी असलेल्या मुलांनी पॅकेज घेण्याऐवजी ते पैसे वाचवून सुट्टीतली एक सकाळ द्यावी, आईबाबांना सोबत नेऊन रांगेत बसावं. त्या रांगेत आईची जी दुखणी कळतात, ती कुठल्या रिपोर्टावर छापून येत नाहीत.

यासाठी वर्षातला वेळही ठरवता येईल. रोवणीत कुणाला सवड नसते, कापणी-मळणीत तर नाहीच. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, दंडारी आणि नाटकं होतात, लेकी-जावई येतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की सोयरिकीची बोलणी निघतात. सिकलसेलचा निकाल हातात असावा तो या बोलण्यांच्या आधी, साखरपुड्यानंतर नव्हे. त्यामुळे मंडईच्या आठवड्यात, नाटकाच्या मांडवाशेजारी आणखी एक छोटा मांडव पडला आणि त्यात बीपीचा पट्टा, बॅटरी, बोट टोचायची सुई आणि पडद्यामागे एक परिचारिका असली, तर ग्रामपंचायतीला त्याचा फारसा खर्च येणार नाही. नाटक बघायला आलेला तरणा माणूस आपणहून दवाखान्यात कधी येत नाही. मंडईत तो सापडतो, तेव्हा त्याला तिथंच गाठायला हवं.